डॉक्टर अकासिओ व्हिएगस

मुंबईचे बंदर हे निसर्गाने दिलेले एक मोठे देणे आहे. पश्चिमेस मुंबईचे लांबट बेट, पूर्वेस कोकणचा किनारा आणि मधोमध खोल, शांत पाणी. ह्या पाण्याच्या मुंबईकडील काठावर मांडवी नावाची जुनी व्यापारी वसाहत आहे. तिच्या समोर, घारापुरीच्या बेटापलीकडे, उरणच्या बाजूस न्हावा आणि शेवा ही गावे आहेत. एकोणिसाव्या शतकात ह्या दोन काठांचे स्वरूप अगदी निरनिराळे होते. न्हावा-शेव्याकडे भातशेती, मिठागरे आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. मांडवीकडे आगबोटी, गोद्या, धान्याची कोठारे आणि माणसांची अहोरात्र वर्दळ होती. समुद्राने मांडवीस वैभव दिले. परंतु ज्या दाराने धन घरात येते, त्याच दाराने संकटही येऊ शकते. इसवी सन १८९६ मध्ये तसे एक संकट मांडवीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्या संकटास प्रथम ज्याने ओळखले आणि ओळखल्यावर जो गप्प बसला नाही, त्या वैद्याचे नाव डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

अकासिओ ह्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे ह्या गावी झाला. ह्या गावास आरपोरा असेही म्हणतात. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. नारळीच्या बागा, भाताची खाचरे आणि जवळच समुद्र असा तो रम्य प्रदेश. परंतु उच्च शिक्षणाची आणि उद्योगाची साधने तेथे बेताचीच होती. त्यामुळे अनेक गोमंतकीय कुटुंबांची दृष्टी मुंबईकडे वळत असे. कोणी नोकरीसाठी, कोणी विद्येसाठी मुंबईची वाट धरी. अकासिओ हेही ह्याच वाटेने मुंबईस आले. तेथील सेंट मेरी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८४५ मध्ये स्थापन झालेले हे विद्यालय त्या काळी पश्चिम भारतातील वैद्यकीय विद्येचे प्रमुख पीठ होते. येथील अभ्यासक्रम पुरा करून १८८० मध्ये अकासिओ पदवीधर झाले. पदवी हाती आल्यावर त्यांनी मांडवीत वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला.

मांडवीचा परिसर त्या काळी कसा होता, हे समजून घेतल्यावाचून पुढील घटनांचा अर्थ नीट ध्यानात येणार नाही. बंदराच्या ह्या बाजूस १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक अशा दोन मोठ्या गोद्या बांधून झाल्या होत्या. गोदीत आलेल्या जहाजांतील माल उतरवून जवळच्याच वखारींत ठेवला जाई. तांदूळ, गहू, साखर, सुका मेवा अशा पोत्यांच्या थप्प्या तेथे छतापर्यंत रचलेल्या असत. वखारींना लागूनच चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे होती. तळमजल्यावर माल आणि वर माणसे असा प्रकार सर्रास असे. खोल्यांत उजेड कमी, वारा त्याहून कमी. दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळांतून सांडपाणी वाहत असे. धान्य जेथे असते, तेथे उंदीर असतातच. अशा जागी हमाल, मुनीम, व्यापारी आणि त्यांची कुटुंबे एकत्र दाटीवाटीने राहत. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर गेली होती. त्या गर्दीचा एक मोठा गड्डा मांडवीच्या आसपास एकवटला होता.

वैद्याला रोग्याच्या घरी जावे लागते. जिने चढावे लागतात, अंधाऱ्या खोल्यांत शिरावे लागते, नळ कोठे आहे, मोरी कोठे आहे, हे सारे त्याच्या दृष्टीस पडते. व्हिएगस ह्यांनी वर्षानुवर्षे असे रोगी पाहिले. मांडवीतील घरे आणि गल्ल्या त्यांच्या पायाखालच्या झाल्या. केवळ औषध देऊन हा भाग निरोगी होणार नाही, त्यासाठी नगराची व्यवस्था सुधारली पाहिजे, ही गोष्ट कोणाही विचारी वैद्याच्या ध्यानात येण्याजोगी होती. १८८८ मध्ये व्हिएगस मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर, म्हणजे नगरसभेवर, निवडून आले. तेथपासून जवळजवळ चार दशके त्यांचा ह्या संस्थेशी संबंध राहिला. नगराचा दैनंदिन कारभार ज्या स्थायी समितीत ठरे, तिचेही ते सभासद झाले. रोग्याच्या उशाशी बसणारा वैद्य आणि नगराच्या कारभारात बोलू शकणारा सभासद अशा दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या. हा योग पुढे फार मोलाचा ठरला.

रोग आणि स्थळ ह्यांचा निकट संबंध असतो, हा विचार युरोपात एका इंग्रज वैद्याने व्हिएगस ह्यांच्या जन्माच्या सुमारासच मांडला होता. १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास पटकीची भयंकर साथ उद्भवली. थोड्याच दिवसांत शेकडो माणसे दगावली. पटकी दूषित हवेने होते, अशी त्या वेळी बहुतेक विद्वानांची समजूत होती. जॉन स्नो ह्या डॉक्टरांना ते मान्य नव्हते. कोणत्या घरात किती माणसे मेली आणि त्या घरची माणसे पाणी कोठून आणीत, ह्याची त्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली. ती माहिती त्यांनी त्या भागाच्या नकाशावर मांडली. मृत्यूच्या खुणा एका सार्वजनिक पंपाभोवती दाट झाल्या होत्या आणि पंपापासून दूर जावे तशा त्या विरळ होत होत्या. त्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढून टाकण्यात आला. पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो, हे स्नो ह्यांचे मत पुढे सर्वमान्य झाले. रोगी कोण आहे, इतकेच नव्हे तर रोगी कोठे आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे, हा धडा ह्या नकाशाने वैद्यकशास्त्रास दिला.

१८९६ च्या भाद्रपदात मांडवीतील लोक एका विलक्षण तापाने आजारी पडू लागले. माणूस सकाळी कामावर असे आणि संध्याकाळी तापाने फणफणे. डोळे लाल होत, बोलणे अडखळे, तोल जाई. जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येई आणि दोन-चार दिवसांतच रोग्याचा अंत होई. सप्टेंबरच्या मध्यास व्हिएगस ह्यांच्याकडे असे रोगी येऊ लागले. हिवताप मुंबईस नवा नव्हता. गळवे आणि फोडही नवे नव्हते. परंतु ताप, गाठ आणि इतक्या त्वरेने येणारा मृत्यू हे तिन्ही एकत्र येणे नवे होते. शिवाय हे रोगी शहरात सर्वत्र विखुरलेले नव्हते. ते गोद्यांजवळच्या वखारींच्या अवतीभवती, एकमेकांस लागून असलेल्या घरांत आढळत होते. त्याच भागात उंदीर मरून पडलेले दिसत होते.

दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, चीनच्या किनाऱ्यावरील हाँगकाँग बंदरात प्लेगने कहर केला होता. तेथेच यर्सँ आणि किटासाटो ह्या दोन संशोधकांनी प्लेगच्या जंतूचा शोध लावला होता. हाँगकाँग मुंबईपासून हजारो मैल दूर. परंतु समुद्र दूरच्या गावांस जवळ आणतो. चीनकडून निघालेली जहाजे मुंबईच्या गोदीत नित्य लागत. जगाचा नकाशा पुढे ठेवून पाहिले असता हाँगकाँग आणि मांडवी ही दोन स्थळे जहाजांच्या वाटेने एकमेकांस जोडलेली दिसतात. रोग्यांची लक्षणे, त्यांची घरे, मेलेले उंदीर आणि शेजारची गोदी ह्या साऱ्या गोष्टी एकाच दिशेस बोट दाखवीत होत्या. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच गाठीचा प्लेग होय, अशा निर्णयास व्हिएगस आले.

निदान करणे एक आणि ते उघडपणे सांगणे दुसरे. मुंबईचे सारे जीवन व्यापारावर अवलंबून होते. ह्या शहरात प्लेग आहे, अशी वार्ता पसरताच परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवतील, माल सडेल, गिरण्या बंद पडतील, मजुरांची उपासमार होईल आणि लोक भयाने पळू लागतील, हे कोणासही दिसत होते. निदान चुकीचे ठरले असते, तर साऱ्या शहराचे नुकसान केल्याचा दोष व्हिएगस ह्यांच्या माथी आला असता. त्यांची वर्षांची मेहनत आणि नावलौकिक धुळीस मिळाला असता. उलट निदान खरे असून त्यांनी मौन धरले असते, तर दर दिवसाच्या विलंबाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली असती. अशा वेळी थोडे थांबून पाहू, असे म्हणणे सोपे असते. व्हिएगस ह्यांनी तो सोपा मार्ग पत्करला नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी स्थायी समितीच्या बैठकीत त्यांनी मांडवीत प्लेग उद्भवल्याचे सांगितले.

अपेक्षेप्रमाणेच ह्या वार्तेने खळबळ उडाली. अनेकांनी ती खरी मानली नाही. हा एखादा निराळ्या प्रकारचा ताप असेल, असा तर्क काहींनी लढविला. निदानाची शहानिशा करण्यासाठी इतर तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे तपासणी करविण्यात आली. त्या सर्व तपासण्यांतून व्हिएगस ह्यांचेच म्हणणे खरे ठरले. त्यानंतर सरकारने वाल्डेमार हाफकिन ह्या जंतुशास्त्रज्ञांस मुंबईस पाचारण केले. हाफकिन ह्यांनी पूर्वी पटकीवरील लस तयार करून स्वतःवर तिचा प्रयोग केला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी कामास प्रारंभ केला. ज्या विद्यालयात व्हिएगस ह्यांनी वैद्यकाचे धडे घेतले, त्याच विद्यालयात आता प्लेगवरील लस सिद्ध होऊ लागली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

इकडे साथ थांबली नव्हती. मांडवीतून ती शेजारच्या वस्त्यांत आणि तेथून साऱ्या शहरात पसरली. भयभीत झालेले लोक मुंबई सोडून जाऊ लागले. आगगाड्या, बैलगाड्या, आगबोटी आणि पडाव माणसांनी भरून वाहू लागले. १८९७ च्या प्रारंभीपर्यंत सुमारे पावणेचार लाख लोक, म्हणजे शहराची जवळजवळ निम्मी वस्ती, बाहेर पडली. ही माणसे ज्या वाटांनी गेली, त्याच वाटांनी रोगही गेला. कराची बंदरात डिसेंबर १८९६ मध्ये साथ सुरू झाली. आगगाडीच्या रस्त्याने ती पुण्यास पोहोचली. १८९७ मध्ये दमण आणि कच्छ प्रांतातील मांडवी ह्या बंदरांनाही तिने गाठले. १८९८ मध्ये ती कलकत्त्यास गेली. भारताच्या नकाशावर ही स्थळे क्रमाने मांडली, तर बंदरे आणि रेल्वेचे फाटे ह्यांची जणू एक साखळीच नजरेस येते. पुढील दोन दशकांत देशभर ह्या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

ह्या साथीत महाराष्ट्राने फार मोठे दुःख सोसले. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले ह्यांनाही रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आणला. त्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांचा वापर अनेक ठिकाणी कठोरपणे झाला. पुण्यास सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. माणसांच्या भावनांची, त्यांच्या घरातील पावित्र्याची कदर राखली गेली नाही. त्यातून उसळलेल्या संतापात २२ जून १८९७ रोजी रँड ह्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. रोगाशी लढावयाचे असेल, तर लोकांचा विश्वास हे पहिले शस्त्र होय. ते गमावले म्हणजे उत्तम कायदाही निकामी होतो, हे ह्या प्रसंगाने दाखवून दिले.

व्हिएगस ह्यांनी विश्वासाचाच मार्ग धरला होता. गलिच्छ वस्त्या स्वच्छ कराव्यात आणि उंदरांचा नाश करावा, ह्यासाठी त्यांनी जोराची चळवळ केली. हाफकिन ह्यांची लस तयार झाली, तरी ती टोचून घेण्यास लोक धजत नव्हते. सुईची भीती होती, परक्या सरकारविषयी संशय होता आणि नाना प्रकारच्या अफवा होत्या. अशा लोकांस ओळखीच्या वैद्याचा शब्द धीर देतो. व्हिएगस ह्यांनी स्वतः सुमारे अठरा हजार माणसांना लस टोचली, असे सांगितले जाते.

ह्याच काळात मुंबईच्या घरांच्या भिंतींवर एक निराळीच लिपी उमटू लागली. ज्या घरात प्लेगचा रोगी दगावे, त्या घरावर एक वर्तुळ रेखून त्यात तारीख लिहीत. एखाद्या घरावर एकच वर्तुळ असे, तर एखाद्या घरावर ओळीने अनेक. त्या गल्लीतून चालत जाणाऱ्यास रोग कोठे माजला आहे, हे दारांवरूनच कळून येई. हीच माहिती सरकारच्या आणि नगरसभेच्या अहवालांत विभागवार आकड्यांच्या आणि नकाशांच्या रूपाने गोळा होऊ लागली. परंतु रोग कोठे आहे हे कळले, तरी तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे अद्याप कोणासही ठाऊक नव्हते. म्हणून उपायही पुष्कळदा अंधारातच चालत. गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक अॅसिड सोडून ती धुऊन काढण्यात आली. त्यामुळे गटारांतील उंदीर घरांकडे पळाले असावेत आणि रोग आणखी पसरला असावा, असे नंतरच्या अभ्यासकांस वाटते.

हे कोडे हळूहळू उलगडत गेले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखविले, की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्या उंदराकडे पिसवांमार्फत जातो. प्रारंभी त्यांच्या म्हणण्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन ह्यांनी त्याच दिशेने संशोधन केले. १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने परळच्या प्रयोगशाळेत ह्या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. शहराच्या निरनिराळ्या भागांतून उंदीर गोळा करून प्रयोगशाळेत आणले जात. प्रत्येक उंदीर कोठे सापडला, ह्याची नोंद ठेवीत आणि तो तपासून त्यास प्लेग होता की नाही, हे ठरवीत. ज्या घरांत प्लेग झाला होता, त्या घरांत गिनीपिग नावाचे लहान प्राणी सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात, हेही पाहिले जाई. शीव, वडाळा, परळ आणि वरळी ह्या त्या वेळच्या खेड्यांतही असेच निरीक्षण करण्यात आले.

स्थळ आणि काळ ह्यांची ही नोंद एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. प्रथम गटारांत राहणाऱ्या करड्या उंदरांत साथ येते. साधारण दहा दिवसांनी ती घरात राहणाऱ्या काळ्या उंदरांत पसरते. त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी त्याच भागातील माणसे आजारी पडू लागतात. उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील भुकेल्या पिसवा दुसरे शरीर शोधतात आणि माणसास चावतात. मांडवीत मेलेले उंदीर आधी दिसले आणि माणसे मागून आजारी पडली, त्याचे कारण हे होते. जे १८९६ मध्ये केवळ शंका म्हणून दिसत होते, ते दहा-बारा वर्षांनी शास्त्र म्हणून सिद्ध झाले. उंदीर मरू लागताच घर सोडावे आणि मोकळ्या माळावर झोपडी घालून राहावे, ही महाराष्ट्रातील खेड्यांची रीत किती शहाणपणाची होती, हेही त्यातून समजले.

प्लेगने मुंबई शहराची रचनाही पालटली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ह्यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. दाट वस्तीत उजेड आणि वारा खेळावा, हा त्यामागील हेतू होता. मात्र घरे पाडली गेली, त्या सर्वांस नवी घरे मिळाली असे नाही. अनेक गरीब कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. नगराचे आरोग्य राखताना गरिबाच्या निवाऱ्याचाही विचार झाला पाहिजे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

ह्या काळात व्हिएगस नगरसभेच्या कामात मग्न होते. त्यांच्या दीर्घ सेवेची जाणीव ठेवून १९०६ मध्ये त्यांस मुंबई नगरसभेचे अध्यक्षपद देण्यात आले. एका लहानशा गोमंतकीय गावातून आलेल्या, स्वतःच्या विद्येवर आणि सचोटीवर पुढे आलेल्या गृहस्थाचा हा मोठाच गौरव होता. भारतीय ख्रिस्ती समाजातून ह्या पदावर चढलेले ते पहिलेच गृहस्थ होत. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबी तलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर, त्यांचा पुतळा उभा आहे आणि जवळच्या भागातील एका रस्त्यास त्यांचे नाव दिलेले आहे. त्या रस्त्याने दररोज हजारो माणसे जातात.

व्हिएगस ह्यांच्या काळानंतर बंदराचे रूपही पालटले. मांडवीच्या गोद्यांवरील मालाचा भार कमी करण्यासाठी पूर्वेच्या काठावर, न्हावा-शेवा येथे नवे बंदर बांधण्यात आले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. त्यास जवाहरलाल नेहरू बंदर असे नाव आहे. जेथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तेथे आता उंच याऱ्या उभ्या आहेत आणि पोलादी पेट्यांनी लादलेली अजस्र जहाजे लागतात. १२ जानेवारी २०२४ पासून शिवडी आणि न्हावा-शेवा हे दोन काठ समुद्रावरील पुलाने जोडले गेले आहेत. पूर्वी मांडवीच्या वाट्यास जे स्थान होते, ते आता बऱ्याच अंशी न्हावा-शेव्याच्या वाट्यास आले आहे. आणि त्याबरोबर मांडवीची जबाबदारीही आली आहे. परदेशातून येणारे जहाज आपल्यावर रोगराई नाही, हे सांगण्यासाठी पिवळा ध्वज चढवून बंदरात उतरण्याची परवानगी मागते. जहाजावर उंदीर किंवा रोगाचे अन्य कारण नाही, ह्याविषयीचे आरोग्याचे प्रमाणपत्र त्यास जवळ बाळगावे लागते. ह्या नियमांमागे अनेक साथींचा आणि असंख्य मृत्यूंचा अनुभव उभा आहे.

प्लेग आता पूर्वीसारखा भयंकर राहिलेला नाही. वेळीच ओळखला, तर प्रतिजैविक औषधांनी तो बरा होतो. तथापि तो पृथ्वीवरून नाहीसाही झालेला नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला ह्या खेड्यात उंदीर मरू लागले, घरांत पिसवा झाल्या आणि मग माणसांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. शंभर वर्षांपूर्वी मांडवीत जो क्रम दिसला होता, तोच क्रम एका लहान खेड्यात पुन्हा दिसला. पुढच्याच महिन्यात सुरत शहरात साथीची वार्ता पसरली आणि तेथूनही लाखो लोक पळाले. औषधे बदलली होती; परंतु भय आणि पलायन ह्यांची रीत तीच होती. अशा वेळी खरी माहिती लवकर मिळणे, ती सरळपणे सांगितली जाणे आणि रोग कोठे आहे ते नेमके ठाऊक असणे, ह्यांवरच लोकांचा धीर टिकून राहतो.

डॉक्टर व्हिएगस ह्यांनी प्लेगचा जंतू शोधला नाही, लस शोधली नाही, पिसवांचे रहस्यही उकलले नाही. ती कामे इतरांनी केली. व्हिएगस ह्यांनी आपल्या वाट्याची गल्ली डोळे उघडे ठेवून पाहिली. रोग्याची नाडी पाहताना त्यांनी त्याचे घर पाहिले, घराशेजारची वखार पाहिली, वखारीपलीकडची गोदी पाहिली. आणि जे दिसले ते, किती अप्रिय असले तरी, ज्या ठिकाणी सांगावयास हवे त्या ठिकाणी सांगितले. पुढच्या साऱ्या शोधांना आणि उपायांना ह्या एका सत्यकथनापासून आरंभ झाला. आपल्या कामाच्या जागेची पुरती ओळख आणि त्या ओळखीतून आलेले सत्य बोलण्याचे धैर्य, ह्या दोन गुणांमुळे मांडवीच्या ह्या वैद्याचे नाव मुंबईच्या इतिहासात चिरस्थायी झाले आहे.